अँटीहिरोच्या शेजारचं अंध पात्र: पुण्यातल्या नव्या चित्रकथाकारांसाठी मार्गदर्शक

सुपारी घेणारा, शिव्या देणारा, तरी कुठेतरी माणूस म्हणून उरलेला नायक आणि त्याच्या घरात एक अंध म्हातारी. नव्याने कॉमिक करणाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये ही जोडी वरचेवर भेटते. जोडी चांगलीच आहे. अडचण अशी की म्हातारीला दिसत नाही, यापलीकडे तिच्याबद्दल स्क्रिप्टला काहीच ठाऊक नसतं. नायकाचा चेहरा विद्रूप, तो तिला दिसत नाही, म्हणून तिला त्याचं मन कळतं. मध्यावर ती त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगते आणि शेवटाकडे मरते, म्हणजे नायक सूड घ्यायला मोकळा.

असं पात्र लिहू नका. तिला स्वतःचा स्वार्थ द्या. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणाला एकच कल्पित गोष्ट घेतली आहे आणि ती नारायण पेठेत घडते. सुमनताई, वय ६३, बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीतून निवृत्त. त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा राणा हा आपला अँटीहिरो.

पायरी १: आधी चार पात्रं वाचून काढा

अमेरिकन कॉमिक्समध्ये अंध सहपात्रांचे साचे ठरून गेलेले आहेत. ते ओळखता आले नाहीत, तर आपल्याही हातून तेच उतरतात.

पहिला साचा ॲलिशिया मास्टर्सचा. ‘फँटॅस्टिक फोर’च्या आठव्या अंकात, १९६२ साली, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही अंध शिल्पकार आणली. दगडी अंगाच्या बेन ग्रिमवर ती प्रेम करते. तिला त्याचं रूप दिसत नाही, म्हणून त्याचा चांगुलपणा जाणवतो, ही कल्पना तिथून इतक्या जणांनी उचलली की आता ती झिजून गेली आहे. दुसरा साचा गुरूचा. फ्रँक मिलरने १९८१ मध्ये ‘डेअरडेव्हिल’च्या १७६ व्या अंकात आणलेला स्टिक स्वतः अंध असून अंध नायकाला लढायला शिकवतो. तिसरा साचा भविष्य जाणणाऱ्या बाईचा. त्याच वर्षी ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १४१ व्या अंकात आलेली डेस्टिनी डोळ्यांनी पाहू शकत नाही, पण पुढे काय होणार ते जाणते. तिन्ही पात्रं आपापल्या जागी उत्तम आहेत. मात्र तिन्हींत दृष्टी नसण्याची भरपाई कुठल्या ना कुठल्या देणगीने झालेली आहे: निर्मळ मन, असामान्य युद्धकला, दिव्यदृष्टी.

चौथं पात्र नीट वेळ काढून वाचा. डेडपूल म्हणजे विद्रूप चेहऱ्याचा, तोंडाळ भाडोत्री मारेकरी. त्याच्या ‘डेडपूल’ या मालिकेच्या १९९७ च्या पहिल्या अंकात जो केली आणि एड मॅकगिनेस यांनी आणलेली ब्लाइंड अल. तिला कसलीही भरपाई मिळालेली नाही. ती म्हातारी आहे, फटकळ आहे, तिचा भूतकाळ हेरगिरीत गेलेला आहे, आणि डेडपूलच्या घरात ती सुरुवातीला चक्क कैदी म्हणून राहते. दोघं एकमेकांच्या खोड्या काढतात, घालूनपाडून बोलतात, आपण हसत पानं उलटतो, आणि मग ‘बॉक्स’ येतो: धारदार वस्तूंनी भरलेली, शिक्षा म्हणून कोंडायची खोली. आपण ज्याच्यावर हसत होतो तो माणूस हेही करतो, हे तिथे अंगावर येतं. अँटीहिरोच्या गोष्टीत सहपात्राचं काम काय असतं, ते या पानांवरून शिकावं. अल त्याला सुधारत नाही. तो किती घातक आहे, हे तिच्यामुळे वाचकाला मोजता येतं, आणि तरीही ती त्याच्यासमोर दबून बोलत नाही. २०१६ च्या चित्रपटात लेस्ली अगम्स यांनी ही भूमिका केली. तिथे कैदेचा भाग नाही, ती त्याची घरभागीदार आहे. चित्रपटापुरतं ते ठीक, पण कॉमिकमधली धार तुम्हाला मूळ अंकांतच मिळेल.

पायरी २: नायकाला बाजूला ठेवून तिचं एक पान लिहा

राणाचं नावही न घेता सुमनताईंचा एक मंगळवार लिहा. त्या कधी उठतात, पैसे कुठून येतात, कोणाशी भांडण आहे, कशासाठी खोटं बोलतील.

आमच्या गोष्टीतला वाडा पुनर्विकासाला निघालाय. सुमनताईंना नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचीच जागा हवी आहे आणि बिल्डरची माणसं त्यांना सहाव्या मजल्यावर ढकलतायत. राणा कोण आहे हे त्यांना पुरतं माहीत आहे. त्यांनी त्याला खोली दिली ती म्हणूनच. तो मागे राहायला आल्यापासून बिल्डरची माणसं जिना चढत नाहीत. राणालाही लपायला जागा हवी आहे. म्हणजे दोघं एकमेकांना वापरतायत, आणि गोष्ट पुढे सरकते ती यापैकी कोणाची गरज आधी संपते यावर.

आता हीच जोडी अशी करून पाहा: सुमनताई निराधार आहेत आणि राणा त्यांना जपतो. पानं लगेच मऊ पडतात. तिला मारून नायकाला सूडाचं कारण देण्याचा मोह तर टाळाच. कॉमिक लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये सुपरहिरो कॉमिक्समध्ये मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या स्त्री पात्रांची यादीच केली होती. त्यात वारंवार दिसणारी गोष्ट हीच, बाईचा जीव नायकाच्या प्रेरणेसाठी खर्ची घालायचा. त्याच सिमोन यांनी पुढे ‘डेडपूल’ही लिहिलं.

पायरी ३: तिला किती दिसतं ते ठरवा

‘पूर्ण काळोख’ हे उत्तर सहसा चुकीचं असतं. अंध म्हणवणाऱ्या पुष्कळ लोकांना उजेड, सावली, हालचाल किंवा रंगाचा डाग कळतो. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं), किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून कमी असेल, तरी कायद्याने ते अंधत्वच.

कारण कोणतं निवडता, त्यावर पुढची चित्रं ठरतात. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. मधुमेहाने पडदा बिघडला तर नजरेत डाग, ठिगळं येतात आणि कालचा दिवस आजच्यासारखा नसतो. सुमनताईंना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. शाळेत असताना रात्री दिसेनासं झालं, मग नळीतून पाहावं तसं क्षेत्र आक्रसत गेलं, आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. यातून गोष्टीला दोन गोष्टी आयत्या मिळतात. त्यांना तरुणपणीचा लक्ष्मी रोड डोळ्यांनी आठवतो. आणि राणा दारात उभा राहिला की खिडकीचा उजेड अडतो, तेवढ्यावरून तो आलाय हे त्यांना कळतं. यात कुठलीही शक्ती नाही, सरळ कारण आहे. ‘एक इंद्रिय गेलं की बाकीची तीक्ष्ण होतात’ हे वाक्य स्क्रिप्टमधून खोडा. लक्ष देण्याची सवय लागते, सराव होतो, आणि दमल्यावर तोही चुकतो. तिला एखाद्या पानावर चुकू द्या.

पायरी ४: घराचा नकाशा काढा

चित्र सुरू करण्याआधी आलेखाच्या कागदावर वाड्यातल्या दोन खोल्या आखा. दार, जिना, ओटा, मोरी, कोनाडा, पलंग. प्रत्येक वस्तूला जागा द्या आणि ती जागा सगळ्या पानांत पाळा. सुमनताईंचं घर हे त्यांनी लावून ठेवलेलं आहे. चहाचा डबा डावीकडे, साखरेचा उजवीकडे, साखरेच्या डब्याला रबरबँड. मग राणा आपली बॅग जिन्याच्या तोंडाशी टाकतो. दुसऱ्या कोणाच्या गोष्टीत हा गबाळेपणा ठरेल, इथे तो हल्ला आहे. मारामारीच्या चार पानांहून ही एक बॅग जास्त ताण निर्माण करते.

घरातलं एक दृश्य जवळून दाखवतो, कारण नवे लोक इथे नेहमी घाई करतात. राणा भाडं देतो. सुमनताई नोटा मोजतात. सध्याच्या नोटांत १००, २०० आणि ५०० या तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटरच आहे, लांबी मात्र अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे दोन नोटांत ४ मिलिमीटरचा फरक. शिवाय कडेला उठावदार तिरप्या रेघा असतात: शंभरावर चार, दोनशेवर चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. नोट जुनी झाली की या रेघा बोटाला लागत नाहीत. मग दुसऱ्या नोटेवर ठेवून लांबी ताडून बघायची. खात्री नसेल तर फोन: रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे नोट ओळखून सांगणारं ॲप २०२० पासून आहे.

हे चार पॅनेलमध्ये, म्हणजे चार चौकटींत, काढा. पहिल्यात अंगठा कडेवरून सरकतोय. दुसऱ्यात एक नोट दुसरीवर ठेवलेली. तिसऱ्यात फक्त राणाचा चेहरा. चौथ्यात त्या पाचशेच्या नोटा उभ्या घडीच्या आणि दोनशेच्या आडव्या घडीच्या करून पाकिटात घालतायत आणि म्हणतायत, “एक दोनशेची आहे यात. पुन्हा मोजून दे.” राणाने मुद्दाम फसवलं की चुकून, हे सांगू नका.

पायरी ५: तिला पुण्यात बाहेर काढा

अंध पात्र घरातच बसवून ठेवणं ही लेखकाची सोय आहे. सुमनताई रोज बाहेर पडतात.

पांढरी काठी हातात देताना ती चालते कशी ते शिकून घ्या. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त, डावीकडून उजवीकडे फिरतं, आणि डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे पुढचं पाऊल पडायची जागा आधी तपासली जाते. बऱ्याच चित्रांत काठी म्हातारपणाच्या आधारासारखी उभी टेकवलेली असते. तशी काढू नका. काठीला जमिनीवरचं कळतं, डोक्याच्या उंचीवरचं नाही. त्यामुळे फूटपाथवर लावलेली दुचाकी काठी पकडते, पण खाली लोंबणारा फ्लेक्स किंवा झाडाची फांदी कपाळाला लागते. आपल्या पेठांत दोन्हींची वाण नाही.

सोबत कोणी असेल तर कोण कोणाला धरतं, तेही बघा. ती त्याचं कोपर धरते आणि अर्धं पाऊल मागे चालते. तो तिला दंडाला धरून ढकलत नेत नाही. राणा पहिल्या भेटीत त्यांचा दंड धरतो, सुमनताई हात सोडवून घेतात आणि त्याचं कोपर शोधतात. एवढ्या एका पॅनेलमध्ये नातं कळतं, संवाद लागतच नाही.

मेट्रो वापरा. २०२४ मध्ये मंडईचं भुयारी स्टेशन सुरू झालं. स्टेशनातल्या पिवळ्या फरश्यांवर लांब रेघा असतील तर पुढे चला, गोल उंचवटे असतील तर थांबा, पुढे जिना किंवा फलाटाची कड आहे. पाठलागाच्या दृश्यात हे सोनं आहे. सुमनताई पायाखालच्या फरशीने वाट काढतायत आणि पाठलाग करणारा पाट्या वाचतोय.

पेठेतल्या बोळांकडे कान देऊन चाला एकदा. दोन्हीकडे भिंती असताना चपलेचा आवाज जवळून परततो, बोळ संपून चौक आला की तो पसरून जातो. सुमनताईंना चौक असाच कळतो. आता याच्या उलट, विसर्जनाचा दिवस घ्या. केसरीवाडा नारायण पेठेतच, लक्ष्मी रोड जवळ, मानाचे पाच गणपती मंडईकडून अलका चौकाकडे निघालेले, मागची मंडळं दुसऱ्या दिवसापर्यंत चालूच. ढोल-ताशांच्या त्या दणक्यात भिंतींचा परतावा, गाड्या, पावलं, हाका, सगळं बुडतं. ज्या रस्त्यावर त्या आयुष्यभर चालल्या, तिथेच त्या दिवशी त्यांना वाट सापडत नाही, आणि बिल्डरची माणसं नेमका तोच दिवस निवडतात. पुण्यात अंध पात्राची गोष्ट लिहीत असाल तर ही मिरवणूक सोडू नका. दुसऱ्या कुठल्या शहराकडे हे दृश्य असं नाही.

पायरी ६: चित्र आणि अक्षरं

डोळे पांढरे करू नका. काळा चष्माही आपोआप चढवू नका. उजेडाचा त्रास होत असेल तर तो घालतात, नाहीतर पुष्कळजण घालत नाहीत. सुमनताई बोलणाऱ्याकडे मान करतात, पण लक्ष देऊन ऐकायचं असेल तर चेहरा किंचित वळून कान पुढे येतो. चेहऱ्यावर भाव भरपूर काढा, कारण इथे नवे चित्रकार हमखास कोरा चेहरा काढतात.

‘तिच्या नजरेतून’ म्हणून काळं पॅनेल दाखवणं एकदाच चालतं, तेही मोठं कारण असेल तर. त्यापेक्षा चांगला मार्ग आवाजाच्या अक्षरांत आहे. काठीचा आवाज जमिनीप्रमाणे बदला: शहाबादी फरशीवर ‘टक’, मातीवर ‘ठप’, गटाराच्या लोखंडी झाकणावर ‘ठण्ण’, लाकडी जिन्यावर ‘डुग’. पहिल्या दोन पानांत चित्रासोबत हे आवाज वाचकाला शिकवा. मग एखादं पॅनेल फक्त चेहऱ्याचं ठेवून खाली ‘टक टक ठण्ण’ लिहा. त्या कुठे पोचल्या ते वाचक ओळखतो. मराठीत असे शब्द इतके आहेत की उसने आवाज आणायची गरज नाही.

फोन दाखवायचा तर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, नीट दाखवा. सरावलेले लोक तो इतक्या वेगात ऐकतात की नवख्याला एक शब्द कळत नाही, आणि पडदा काळा ठेवूनही फोन चालवता येतो. म्हणजे राणा शेजारी बसलेला असताना सुमनताई त्याच्याविषयीचा मेसेज ऐकू शकतात. फुग्यात एकमेकांना चिकटलेली बारीक अक्षरं लिहिली की काम झालं.

पायरी ७: संवाद

राणा त्यांना काकू म्हणतो, अहो-जाहो करतो. त्या त्याला अरे-तुरे करतात. हा तोल गोष्टभर टिकवा, अगदी त्याच्या हातात पिस्तूल असलं तरी.

“आज लंगडतोयस.”

“नाही काकू.”

“सातवी पायरी दोनदा वाजली. रक्त असेल तर मोरीत जा. बाहेरचं आत्ताच पुसलंय.”

इथे काळजी आहे की नाही, ते वाचकाला ठरवू द्या. सुमनताईंनी राणाला ‘तू मनाने वाईट नाहीस’ असं सांगितलं की गोष्ट संपली म्हणून समजा. त्याने काय केलंय ते त्यांना ठाऊक आहे. त्यांना त्याचा निकाल द्यायचा नाही, पहिल्या मजल्याचा करारनामा सही करून हवा आहे. आणि ‘बघते’, ‘बघितलं का’ हे शब्द त्यांच्या तोंडी निःशंक घाला, सगळे वापरतात.

पायरी ८: इंकिंगच्या (पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवण्याच्या) आधी अंध वाचकांकडून वाचून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पुण्यात अंध शिक्षणाचं काम जुनं आहे. ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’ची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला आहे. मीरा बडवे यांची ‘निवांत’ संस्था मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसोबत काम करते. पण वही घेऊन निरीक्षणाला शाळेत जाऊ नका. मुलं तिथे शिकायला येतात. तुमच्या गोष्टीत हिंसा आहे, तिला प्रौढ वाचक हवेत. संस्थेला आधी फोन करा, काय वाचायचंय आणि किती मानधन देणार ते सांगा. मानधन द्याच. संपादकाला देता, तसंच हेही काम आहे.

द्यायचं काय? चित्रं नव्हे, वर्णनासह पूर्ण स्क्रिप्ट. पॅनेलचं वर्णन असं असावं: “पान ३, पॅनेल २. रात्र, स्वयंपाकघर. सुमनताई ओट्याशी, पाठ आपल्याकडे. दारात राणा, उजवा हात शर्टाखाली दाबलेला. शर्टावर डाग. दोघांच्या मध्ये, जिन्याच्या तोंडाशी, काळी बॅग.” कोण कुठे आहे, हातात काय आहे, वाचकाला काय दिसतंय जे पात्राला ठाऊक नाही, एवढं आलं पाहिजे. ‘भयाण वातावरण’ वगैरे लिहू नका, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

फाइल युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्यांकडचे जुने मराठी फाँट पडद्यावर देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) नुसती बडबड वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी कोरं चित्र. पाठवण्याआधी संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, तो मोफत आहे. डोळे मिटून आपली फाइल एकदा पूर्ण ऐका. वर्णनं कुठे लांबलीयत, कोणाचा संवाद कोणाचा ते कुठे कळत नाही, हे तिथेच सापडतं. गोष्ट छापून झाली की हीच वर्णनाची फाइल अंकासोबत उपलब्ध ठेवा, म्हणजे सुमनताईंच्या वयाच्या अंध बाईलाही तुमचं कॉमिक वाचता येईल.

वाचकांना ‘काही चुकलंय का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर नाही म्हणतात. नेमकं विचारा. नोटांचं दृश्य पटलं का? मिरवणुकीत तुम्ही काय केलं असतं? राणाची बॅग पायात आल्यावर सुमनताई जे बोलल्या ते कमी झालं की जास्त? शेवटी एक प्रश्न ठेवा: या बाईंच्या घरात भाड्याने राहाल का? उत्तर देताना वाचक त्यांच्या स्वभावाबद्दल बोलू लागला, भाडं, शिस्त, खडूसपणा यावर वाद घालू लागला, तर पानं इंकिंगला घ्या. नुसतं ‘बिचारी’ म्हणाला, तर पायरी २ पासून पुन्हा सुरू करा.